समेटानंतरचा महिना

बडोद्यातल्या मराठी घरात मारहाणीची गोष्ट बाहेर आली, की ती आधी पोलिसांकडे जात नाही, बैठकीला जाते. मुलीचे मामा, मुलाचे काका, लग्न जुळवणारे मध्यस्थ, आणि मंडळातलं एखादं ज्येष्ठ माणूस, ज्याचा शब्द दोन्हीकडचे मानतात. रावपुऱ्यातला जुना वाडा असो की मांजलपूरचं टेनामेंट, बैठकीचा क्रम बदलत नाही. आधी चहा होतो. मग मुलीला म्हणतात, "सांग बाळा, काय झालं ते." ती दोन वाक्यं बोलते न बोलते तोच कुणीतरी विचारतं, "पण त्या दिवशी विषय निघाला कशावरून?" पुढचा तास मग त्या विषयावर जातो. मोबाइल, माहेरी जास्त दिवस राहणं, सासूबाईंना उलट बोलणं, नोकरी. टाळी एका हातानं वाजत नाही, हे वाक्य येतंच. शेवटी मुलगा मान खाली घालून "पुन्हा नाही होणार" म्हणतो, मुलीची आई डोळे पुसते आणि मुलीची बॅग त्याच रात्री सासरी पोचते. संसार वाचवला या समाधानात मंडळी आपापल्या घरी जातात.

त्यानंतरच्या महिन्यात त्या घरात काय चाललंय, हे बघायला कोण जातं?

बैठकीला मी वाईट म्हणत नाही. मार खाणाऱ्या मुलीसाठी चार माणसं जमतात ही मोलाची गोष्ट आहे, आणि जिच्यासाठी कुणीच जमत नाही तिची स्थिती याहून भीषण असते. माझा आक्षेप बैठक जिथे संपते त्या जागेला आहे. समेट झाला की विषय मिटला असं आपण धरतो, आणि नंतरच्या दिवसांची जबाबदारी कुणावरही टाकत नाही. ज्या समेटावर कुणाची देखरेख नाही, तो समेट म्हणजे मुलीला पुन्हा त्याच हातांत सोपवणं आहे. बडोद्यातल्या मराठी मंडळांनी हे थांबवायला हवं. ते कसं थांबवायचं, हे आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या बायकांनी १९९५ पासून करून दाखवलं आहे. त्यांच्याकडे मी पुढे येतोच.

आधी त्या महिन्याबद्दल. हिंसेबद्दल तोंड उघडल्यानंतरचे दिवस बाईसाठी सर्वांत धोक्याचे असतात, हे या क्षेत्रात काम केलेली कुठलीही कार्यकर्ती सांगेल. ज्या माणसाचा घरातला वचक चारचौघांसमोर उघडा पडला, तो घरी परतल्यावर आधी त्या बोलण्याचीच किंमत वसूल करतो. बरेचदा लगेच मारतही नाही. फोन काढून घेतो, पगाराचं कार्ड ठेवून घेतो, माहेरच्यांना घरी यायला बंदी होते, मुलांना आईविरुद्ध पढवलं जातं. मार नंतर येतो. तोवर मुलीची दुसऱ्यांदा बोलायची सोयच गेलेली असते, कारण पहिल्या वेळी जमलेल्या सगळ्यांनी तिला सांगून ठेवलेलं असतं की आम्ही मिटवलंय, आता तू सांभाळून घे. दुसऱ्यांदा बोलणं म्हणजे त्या सगळ्या वडीलधाऱ्यांना खोटं पाडणं. फार थोड्या मुलींमध्ये ती ताकद उरते.

आपल्याकडे हे कमी आहे, असं म्हणणारे भेटतात, आणि त्यांच्या हातात आकडाही असतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी देशात २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. गुजरातचा आकडा १४ टक्के आहे. पण चौदा टक्के म्हणजे दर सात घरांमागे एक. तुमच्या सोसायटीच्या एका जिन्यावर आठ फ्लॅट असतील, तर हिशेब तुम्हीच करा. शिवाय त्याच पाहणीचा दुसरा आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. देशभरात ज्या स्त्रियांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली होती, त्यांतल्या ७७ टक्के जणींनी कधी मदत मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. मदत मागितली होती फक्त १४ टक्क्यांनी. ज्यांनी मागितली, त्यांतल्या बहुतेक जणी आधी माहेरच्यांकडे गेल्या. पोलिसांपर्यंत पोचणाऱ्या अगदी मोजक्या. म्हणजे आपली ही बैठक बहुतेक मुलींसाठी पहिली आणि शेवटची कचेरी असते. तिथे तिला जे मिळेल तेच मिळेल. म्हणून ती बैठक कशी चालते, हा घरगुती शिष्टाचाराचा प्रश्न राहत नाही.

आता त्या "विषय निघाला कशावरून" या प्रश्नाकडे वळतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला आणि त्याच्याबरोबर नियमही आले. न्यायदंडाधिकारी या कायद्याखाली दोघांना समुपदेशनासाठी पाठवू शकतात. ते समुपदेशन कसं चालावं, हे नियमांत लिहिलेलं आहे, आणि त्यातली एक अट मंडळाच्या प्रत्येक कार्यालयात फळ्यावर लिहून ठेवावी अशी आहे. ज्याच्यावर हिंसेची तक्रार आहे, त्याला त्या हिंसेचं समर्थन करणारं कुठलंही कारण समुपदेशनात मांडता येत नाही, आणि हे त्याला सुरुवात होण्यापूर्वीच सांगायचं असतं. तिनं उलट उत्तर दिलं, स्वयंपाक उशिरा केला, आईचा अपमान केला, हे सगळं त्या खोलीत अग्राह्य. हिंसा थांबवण्याची हमी त्यानं द्यायची, आणि मगच पुढचं बोलणं.

आपली बैठक नेमकी उलट चालते. तिचा सगळा वेळ समर्थन ऐकण्यात जातो. मारणाऱ्याला आपल्या मारण्याचं कारण समाजमान्य करून घेण्याची संधी मिळते, आणि मुलीला कळतं की मार चुकवायचा असेल तर आपणच कारण देणं बंद करायचं. वर सांगितलेल्या कुटुंब आरोग्य पाहणीत ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी विचारलेल्या सात कारणांपैकी किमान एका कारणासाठी नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य मानलं होतं. हा विचार कुठल्या दूरच्या गावातला नाही. आपल्या दिवाणखान्यात, चहाचे कप हातात असताना, भल्या माणसांकडून तो रुजवला जातो. एवढा एक बदल, म्हणजे कारण विचारायचं नाही हा, कुठल्याही मंडळाला आजच्या आज करता येईल. त्याला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही.

आता त्या बायकांबद्दल. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर केंद्र सरकारनं महिला सामाख्या नावाचा कार्यक्रम सुरू केला. सुरुवातीच्या तीन राज्यांत गुजरात होतं. गावोगावी बायकांचे संघ बांधले गेले. त्या संघांमध्ये शिक्षणाबद्दल, रेशनबद्दल, मजुरीबद्दल बोलता बोलता मारहाणीचा विषय पुन्हा पुन्हा येऊ लागला, आणि त्यातून १९९५ मध्ये वडोदरा जिल्ह्यात नारी अदालत उभी राहिली. ती चालवणाऱ्या बायका बहुतेक मजुरी आणि शेतीकाम करणाऱ्या, दलित, आदिवासी, मागास समाजांतल्या. कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी कायदा ऐकून ऐकून शिकून घेतला. ठरलेल्या वारी त्या तालुक्याच्या सरकारी कचेऱ्यांजवळ उघड्यावर बसत. झाडाखाली, सतरंजीवर, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांच्या देखत.

ही जागा निवडण्यात मला त्यांचं सगळं शहाणपण दिसतं. घरातली गोष्ट त्यांनी घरात मिटवली नाही. आपल्या बैठकीचं मुख्य काम गोष्ट बाहेर जाऊ न देणं हे असतं, आणि मारणाऱ्याला जी एकच भीती असते, चारचौघांत नाव जाण्याची, तिचं ओझं आपण उचलून मुलीच्या डोक्यावर ठेवतो. नारी अदालतीनं ती भीती जिथे असायला हवी तिथे, म्हणजे त्याच्याकडे, परत केली. कायद्यानं दिलेला अधिकार तिच्याकडे काहीच नव्हता. समन्स काढता येत नव्हतं, शिक्षा देता येत नव्हती. तरी नवरे येत, सासरे येत, कारण न येणाऱ्याच्या गावात बायका स्वतः जाऊन उभ्या राहत.

ठरलेलं सगळं या बायका स्टॅम्पपेपरवर लिहून घेत: मारहाण बंद, खर्चाला एवढे पैसे, मुलं कुणाकडे, तिचं सामान आणि दागिने कधी परत. आणि मग, आपल्या बैठकीत जे कधीच होत नाही ते होई. गावातल्या संघाच्या बायका त्या घरावर लक्ष ठेवत. पाण्याला जाताना, शेतावर जाताना तिची चौकशी होई. करार मोडला तर ती एकटी परत येत नसे, संघ तिच्याबरोबर येई, आणि गरज पडली तर पोलिसांकडे आणि वकिलाकडेही. समेट कागदावर झाला तरी तो जिवंत ठेवण्याचं काम रोज चालू असे.

नारी अदालतीवर टीका झाली आहे आणि ती मला पटते. तिथेही पुष्कळदा संसार टिकवण्याकडेच कल राहिला. खेड्यातल्या बाईला जमीन नाही, माहेरी जागा नाही, मग तिथल्या बायकांनाही तिला परत पाठवण्यावाचून पर्याय सुचत नसे. पण परत पाठवणं आणि परत पाठवून तिच्या मागे उभं राहणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गुजरातमध्ये नारी अदालती पुढे सरकारी छत्राखाली गेल्या, आणि महिलांसाठीच्या केंद्राच्या मिशन शक्ती योजनेतही आता नारी अदालतीला स्थान आहे. ज्या जिल्ह्यातून हे निघालं त्या जिल्ह्याच्या मुख्य शहरात राहणाऱ्या, शिकल्यासवरलेल्या, नाट्यस्पर्धा आणि व्याख्यानमाला भरवणाऱ्या आपल्या समाजानं मात्र त्यातून काहीच उचललं नाही, याचं मला दुःख आहे.

कुणी म्हणेल, हे सगळं कशाला, कायदा आहे ना. आहे. अभयम १८१ ही गुजरातची हेल्पलाइन २०१५ च्या महिला दिनापासून राज्यभर चालू आहे. फोन केला की समुपदेशक आणि महिला पोलीस गाडीतून घरी येतात. अनेक बायकांना त्या रात्रीपुरतं तिनंच वाचवलं आहे. जिल्ह्यात २००५ च्या कायद्याखाली नेमलेले रक्षण अधिकारी आहेत, एकाच छताखाली मदत देणाऱ्या सखी वन स्टॉप सेंटरची योजना आहे. बाईला वकील मोफत मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं दिला आहे, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. पण या सगळ्या व्यवस्था एक गोष्ट गृहीत धरतात: की बाईबरोबर कुणीतरी आहे. दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात तारखेला जायचं तर मुलाला शाळेतून कोण आणणार? रक्षण अधिकाऱ्याच्या कचेरीत कागद द्यायचे तर झेरॉक्स कुठून, आधार कार्ड तर सासूबाईंच्या कपाटात. सयाजी हॉस्पिटलात दाखवताना "न्हाणीत पडले" असं न म्हणता खरं सांगायला, आणि ते कागदावर यायला, शेजारी धीर देणारं माणूस लागतं. तो कागद पुढे सगळ्यात मोठा पुरावा ठरतो.

आणि आपल्या समाजाची एक खास अडचण आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. बडोद्याच्या मराठी घरांत सुना मोठ्या संख्येनं महाराष्ट्रातून येतात. जळगाव, धुळे, नाशिक, कोकण. मूळ बडोदेकर मुलगी गुजराती शाळेतून, बाजारातून सहज शिकते. लग्न होऊन आलेल्या मुलीला ती लिपीसुद्धा वाचता येत नाही. पोलीस ठाण्यात तिचा जबाब गुजरातीत लिहिला जातो आणि ती सही करते. आपण काय सांगितलं होतं आणि काय लिहिलं गेलं, हे तिला कळायला मार्ग नसतो. नवरा मात्र दोन्ही भाषांत सफाईनं बोलतो, साहेबांना "काही नाही सर, घरगुती आहे" असं गुजरातीत सांगून मोकळा होतो. जबाब वाचून दाखवला जाण्याचा आणि प्रथम खबरीची (एफआयआरची) प्रत विनामूल्य मिळण्याचा तिचा हक्क आहे. तो हक्क मागायला तिच्या बाजूला दोन्ही भाषा जाणणारी एक बाई बसलेली असली पाहिजे. ही बाई सरकार देणार नाही. गुजराती शेजारीण मनानं चांगली असली तरी मुलीचं मराठी तिला पुरतं कळत नाही. ही बाई आपल्याच समाजातून यावी लागेल: निवृत्त शिक्षिका, बँकेत नोकरी केलेली वहिनी, कोर्टात क्लार्क राहिलेली मावशी. अशा बायका बडोद्यात ढिगानं आहेत. हळदीकुंकवाला त्यांची यादी मंडळाकडे तयार असते.

दारूबद्दलही दोन शब्द. राज्यात दारूबंदी आहे म्हणून पिऊन मारणाऱ्याच्या बायकोचं काम सोपं होत नाही, अवघड होतं. पोलीस आले तर बहुधा दारूचा गुन्हा आधी नोंदतात, कारण तो सिद्ध करायला सोपा. माणूस दुसऱ्या दिवशी जामिनावर घरी, आणि मारहाणीची नोंद कुठेच नाही. बरोबर गेलेल्या माणसानं तिथे एवढंच धरून बसायचं असतं की मारल्याचंही लिहा.

बैठकीत कायद्याबद्दल जी माहिती फिरते तीही बरीचशी चुकीची असते, आणि त्या चुकीच्या माहितीनं मुलीला घाबरवलं जातं. "एकदा गेलीस तर सगळं घर आत जाईल." २००५ चा कायदा मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे. त्याखाली संरक्षणाचा, घरात राहण्याचा, खर्चाचा आदेश मिळतो. तुरुंगाचा प्रश्न येतो तो आदेश मोडल्यावर: एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्याला मारायचंच नाही त्याला त्या आदेशाचं भय कसलं? छळाचा फौजदारी गुन्हा, जो पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४९८-अ होता आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ८५ व्या कलमात आहे, त्यातही सरसकट अटक करू नये असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्येच बजावलं आहे. दुसरं वाक्य असतं, "घर सासऱ्यांच्या नावावर आहे, तुझा काय संबंध?" १५ ऑक्टोबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की सून जिथे नांदली ते सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही या कायद्याखाली सामायिक घर असू शकतं, आणि तिला तिथून असंच बाहेर काढता येत नाही. शेजाऱ्यांसाठीही कायद्यात जागा आहे. हिंसा होत असल्याची खात्री वाटत असेल तर कुणीही रक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर त्यासाठी कुठलीही जबाबदारी येत नाही. भिंतीपलीकडून आवाज ऐकून टीव्हीचा आवाज वाढवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. समाजाच्या हाती असं काम देणं म्हणजे जातपंचायतीला नवं नाव देणं, असं काही जण म्हणतील. आक्षेप पोकळ नाही. जातपंचायतींनी बायकांना काय काय सोसायला लावलं ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे, आणि त्यासाठी २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. म्हणून मंडळानं निवाडा करू नये, हे मी ठामपणे म्हणतो. कोण चूक, कोण बरोबर, कुणी कुठे राहावं, हे ठरवणं मंडळाचं काम नाही. मुलीला वेगळं व्हायचं असेल तर तिच्या त्या निर्णयावर मंडळानं मत देऊ नये. मंडळाचं काम सोबतीचं आणि नजरेचं. ती राहिली तर तिच्याकडे जात राहायचं, निघाली तर तिच्याबरोबर चालायचं. निर्णय तिचा आणि न्याय कोर्टाचा. बैठक भरणारच असेल, तर मुलीशी आधी एकटीशी, सासर-माहेरच्या कुणाही माणसाविना, बाईनं बोलावं. ती नको म्हणाली तर बैठकच नको.

मग प्रत्यक्षात काय? दोन बायकांची जोडी, जी समेटानंतर पहिल्या आठवड्यात त्या घरी जाईल, मग दर पंधरा दिवसांनी, किमान सहा महिने. जाताना सांगून जायचं नाही. मुलीशी दहा मिनिटं एकटीशी बोलणं ही समेटाचीच एक अट म्हणून कागदावर असावी. ती नाकारली गेली तर तेवढ्यावरूनच काय ते समजावं. एक वही, कुलपात. त्यात तारीख आणि तिनं सांगितलेलं, तिच्याच शब्दांत. पुढे कोर्टात जायची वेळ आली तर ही वही ठेवणाऱ्या बायका साक्षीला उभ्या राहू शकतील. शहरात सहियर, ओलख यांसारख्या संस्थांनी बायकांच्या प्रश्नांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. मंडळांनी स्वतः समुपदेशक होण्याचा आव न आणता अशा जाणकार संस्थांकडून शिकून घ्यावं.

पैशाचं मात्र मंडळांनीच करायला हवं. मारहाणीच्या घरातून मुलगी निघू शकत नाही, याचं सर्वांत साधं कारण बहुतेक वेळा हे असतं की तिच्याकडे रिक्षाचे पैसेही नसतात. तीन महिन्यांचं भाडं, डिपॉझिट, मुलांची फी, एवढी सोय झाली तर कितीतरी जणी स्वतःच्या पायावर उभ्या राहतील. आपल्या गणेशोत्सवाच्या मांडवाला, लायटिंगला, ऑर्केस्ट्राला किती वर्गणी जमते ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिचा दहावा भाग बाजूला काढला तरी पुरे. याच शहरात महाराणी चिमणाबाईंच्या नावानं स्त्री उद्योगालय १९१४ मध्ये उभं राहिलं, बाईच्या हाताला काम असावं म्हणून. सयाजीरावांच्या राज्यानं हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ मध्ये केला. स्वतंत्र भारताला हिंदू विवाह कायदा करायला १९५५ उजाडलं, आणि त्यातही निव्वळ क्रूरतेवरून घटस्फोट मागता येऊ लागला तो १९७६ च्या दुरुस्तीनंतर. आपल्या प्रत्येक कार्यक्रमात महाराजांच्या तसबिरीला हार घातला जातो. लग्न मोडूही शकतं हे ज्या राजानं त्या काळी कायद्यात मान्य केलं, त्याच्या शहरात आज आपण मुलीला सांगतो की काहीही झालं तरी घर सोडू नकोस. मला हे सहन होत नाही.

पुरुषांशी पुरुषांनी बोलायचं आहे. बायकांची जोडी घरात जाईल तेव्हा दोन पुरुष त्या माणसाला बाहेर भेटतील, आणि तेही महिनोन्‌महिने. दटावणीसाठी जायचं नाही. तुझ्यावर आमचं लक्ष आहे आणि तुला बदलायचं असेल तर आम्ही आहोत, हे सांगायला जायचं. युगांडाच्या कंपाला शहरात काही वस्त्यांमध्ये तिथल्याच सामान्य रहिवाशांना तयार करून, शेजारपाजारी, दुकानांत, गल्लीत हा विषय जवळजवळ तीन वर्षं सतत बोलता ठेवला गेला. २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: इतर वस्त्यांच्या तुलनेत जोडीदाराकडून होणारी शारीरिक हिंसा तिथे ५२ टक्के कमी आढळली. अभ्यास आठच वस्त्यांचा होता, त्यामुळे आकडा जपून घ्यावा. पण दिशा स्पष्ट आहे. शेजार बदलला की घर बदलतं. प्राध्यापक माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचा वारसा सांगणाऱ्या शहरात तरुण मुलांना एकत्र आणणाऱ्या जागा कमी नाहीत. ढोलपथकांत शेकडो मुलं महिनाभर रोज संध्याकाळी भेटतात. त्यांच्याशी लग्नाआधीच, वीस-बाविसाव्या वर्षी, कुणी या विषयावर बोलतं का?

अवघड प्रसंग एकच येणार आहे आणि त्याची तयारी आधी करावी लागेल. तक्रार मंडळाच्या एखाद्या पदाधिकाऱ्याच्या घरातून येईल, किंवा सर्वांत मोठी देणगी देणाऱ्याच्या. त्या दिवशी वही बंद झाली, तर पुढची कुठलीच मुलगी या दारात येणार नाही, आणि तिचं बरोबर असेल. म्हणून नियम आज, कुणाचंही नाव समोर नसताना, लिहून ठेवायला हवा: ज्याच्या घरातली तक्रार असेल त्यानं त्या दिवसापासून पद सोडायचं, सोबतीचं काम लगेच मंडळाबाहेरच्या संस्थेकडे द्यायचं, आणि त्याची देणगी परत करायची. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा ठराव घेता येतो. तो मांडायला एक सभासद आणि अनुमोदन द्यायला दुसरा, एवढीच माणसं लागतात.